आबांचे पाय उंबऱ्यापाशीच का थांबतात? कोल्हापुरातल्या संशोधकांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, शिवाजी विद्यापीठ,
मा. अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय,
तसेच कोल्हापूर परिसरातल्या अभियांत्रिकी आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांचे प्राचार्य व प्राध्यापक,

सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी पेठेत राहतो आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, जवळजवळ चाळीस वर्षं गुळव्या होते. करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर त्यांचे हंगाम गेले. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्यांनी कधी यंत्र लावून ठरवलं नाही. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि त्याची गोळी अंगठा नि बोटाच्या मध्ये फिरवून बघायची. गोळी मनासारखी वळली की काहील उतरवा म्हणून ओरडायचं. एक मिनिट इकडे-तिकडे झालं तर अख्खं आदण वाया जायचं, म्हणून सगळे त्यांच्या बोटांकडे बघत असत.

आज त्याच उजव्या हाताचा अंगठा आणि बोट दिवसभर आपोआप गोळी वळत असतात. बोटांत पाक नसतो. आबांना सहा वर्षांपूर्वी कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचं निदान झालं. वैद्यकाच्या पुस्तकांतही या कंपाला गोळी वळण्याचीच उपमा दिलेली आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

पण हे पत्र थरथरीबद्दल नाही. थरथरीची आम्हाला सवय झाली आहे. हे पत्र उंबऱ्याबद्दल आहे.

आमचं घर जुनं आहे. माजघरातून सोप्यात यायला एक लाकडी उंबरा ओलांडावा लागतो. आबा माजघरात बरे चालतात. उंबऱ्याच्या एक पाऊल अलीकडे येतात आणि थांबतात. पाय जमिनीला डिंकाने चिकटावेत तसे. टाचा उचलल्या जातात, गुडघे थरथरतात, वरचं अंग पुढे झुकतं, आणि पाय तिथेच. दोनदा असे तोंडावर पडले, एकदा भुवईला चार टाके पडले. त्या दिवशी टाके घालून घरी आणल्यावर मी विचारलं, "आबा, नेमकं होतं काय तिथं?" ते म्हणाले, "पाय हाईत रं जाग्यावर. हुकूम पोचंना झालाय."

हा हुकूम कुठे अडकतो, ते शोधायचं काम कोल्हापुरात व्हावं, एवढीच माझी मागणी आहे. आणि ते काम माणूस चालत असताना व्हावं.

सहा वर्षांत आबांची तपासणी दहा-बारा वेळा तरी झाली. दर वेळी खुर्चीवर बसवून. बोटं आपटा, मूठ उघडा-मिटा, टाच जमिनीवर आपटा. एका मोठ्या रुग्णालयात एमआरआय झाला, त्यात तर अर्धा तास अजिबात न हलता पडून राहायचं होतं. रिपोर्ट आला, वयाच्या मानाने ठीक. यात डॉक्टरांची चूक नाही. नेहमीच्या एमआरआयमध्ये कंपवात सहसा दिसत नाही, तो करतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. माझी तक्रार वेगळी आहे. दारातून जाताना आबांना कुणीही पाहिलं नाही. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो, तेव्हा औषधाच्या गोळीचा अंमल चांगला होता, आबा टेबलापर्यंत सरळ चालत गेले. समोरचे गृहस्थ म्हणाले, "हे तर चालतात की." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव आहे. पण तासातासाला बदलणारं अपंगत्व पाच मिनिटांच्या भेटीत कसं दिसणार?

या आजाराचा अभ्यास मुळात सुरू कसा झाला ते बघा. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी थरथरणाऱ्या लकव्यावर निबंध लिहिला. त्यात सहा माणसांची वर्णनं आहेत, आणि त्यांतली काही त्यांना रस्त्यातच दिसलेली होती. पुढे वाकलेली, पावलं घाईने टाकत जाणारी माणसं बघून त्यांनी हा आजार ओळखला. त्यानंतर दोनशे वर्षांत यंत्रं आली, आणि यंत्रांच्या सोयीसाठी आपण रुग्णाला आडवं केलं. एमआरआयच्या एका प्रकारात, माणूस एखादं काम करत असताना त्याच्या मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दिसतं खरं, पण डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं. म्हणजे ज्याचा आजारच चालण्यात आहे, त्याला निजवून आपण विचारतो की मनातल्या मनात चाल.

आता ही अडचण पूर्वीसारखी राहिलेली नाही. दोन साधनांबद्दल लिहितो, कारण दोन्ही डोक्यावर घालून माणूस चालू शकतो.

पहिलं ईईजी, म्हणजे डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतली वीज टिपणं. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या कवटीवरून मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली आणि १९२९ साली ती जगापुढे मांडली. १९६४च्या सुमारास फ्रायबुर्गमध्ये कोर्नहुबर आणि डेके यांनी लोकांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितलं, आणि बोट हलण्याच्या सेकंदभराहूनही अधिक आधी मेंदूत एक संथ लाट चढू लागते हे दाखवलं. म्हणजे हालचालीची तयारी दिसते, मोजता येते. त्याशिवाय बीटा नावाच्या लहरी आहेत, सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांच्या. स्वस्थ बसलं की हालचालीच्या भागात त्या जोरात असतात, हात उचलायच्या जरा आधी उतरतात आणि हालचाल संपली की पुन्हा उसळतात. मी वर्गात सांगतो ते असं की, बीटा म्हणजे दाराला घातलेली कडी. निघायचं तर आधी कडी काढावी लागते. कंपवातात मेंदूच्या खोल भागातल्या पेशींच्या एका पुंजक्यात या लहरी गरजेपेक्षा फार जोर धरतात. लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाची, गोळी लागू पडली की त्या कमी होतात, मेंदूत बारीक तार बसवून विजेचे ठोके दिले तरी कमी होतात. आबांचा "हुकूम पोचंना" आणि ही न निघणारी कडी, दोन्ही एकाच घराच्या गोष्टी असाव्यात असं मला वाटत राहतं. ते खरं की खोटं, हे मला पुस्तकातून कळणार नाही. आबांच्या डोक्यावर टोपी घालून त्यांना उंबऱ्यापर्यंत चालवलं तर काहीतरी कळेल.

दुसरं साधन उजेडाचं. कपाळावर पट्टी बांधायची, तिच्यातून डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत सोडायचा, आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून तिथल्या रक्तात प्राणवायू किती आहे ते मोजायचं. हात टॉर्चवर धरला की बोटं लाल दिसतात, हे आपण लहानपणी सगळ्यांनी केलेलं आहे. तत्त्व त्याच्याच जवळचं. याला एफनिर्स म्हणतात. यातून दिसलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निरोगी माणसाचं चालणं आपोआप चालतं, कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागाला त्यात फारसं लक्ष घालावं लागत नाही. कंपवाताच्या रुग्णांत मात्र साधं चालतानाही तो भाग जास्त राबताना आढळतो. पाय टाकण्याचं काम खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर आलेलं असतं. म्हणूनच आबा चालत असताना आई "चहा घेणार का?" असं विचारते आणि ते थांबतात. आईला कितीदा सांगितलं की मध्ये बोलू नकोस. तिला वाटायचं, ते मुद्दाम उत्तर टाळतात. ही माहिती सहा वर्षांपूर्वी मिळाली असती तर घरातली कितीतरी भांडणं झाली नसती.

दोन्ही साधनांना मर्यादा आहेत, हे मी जाणतो. एफनिर्सचा प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतो, आणि रक्ताचा प्रतिसाद काही सेकंद मागे असतो. ईईजी क्षणाक्षणाचं सांगतो, पण त्याचे संकेत मायक्रोव्होल्टमध्ये, इतके क्षीण की दात चावले, मान वळली, नुसती वायर हिंदकळली तरी त्यात कचरा मिसळतो. काहिलीत मळी वर येते तशीच ही मळी, ती काढल्याशिवाय खालचा रस दिसत नाही. आणि इथेच अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनो, मला तुमच्याशी बोलायचं आहे. चालताना आलेल्या नोंदींतून हालचालीचा गोंधळ वेगळा काढणं हे गणिताचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे. पायाला, कमरेला त्वरणमापक, म्हणजे हालचालीचे धक्के मोजणारं लहानसं उपकरण, बांधून पाऊल नेमकं कधी पडलं ते ईईजीशी जुळवणं, हेही तुमचंच. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. माझेच जुने विद्यार्थी फोन करतात, "सर, विषय सुचवा." त्यांना मी आता हाच विषय सुचवतो आहे. पण रुग्णालयाचं दार उघडल्याशिवाय ती मुलं काय करणार?

आता दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. त्र्यंबोलीच्या यात्रेचे दिवस, पंचगंगेचं पाणी घेऊन लोक टेंबलाईला निघालेले. आमच्या गल्लीतूनही मिरवणूक जात होती. आबा सोप्यात यायला निघाले आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी अडले. मी दंड धरून उभा. तेवढ्यात पी ढबाक वाजत वाजत दाराशी आलं, पिपाणी आणि हलगीचा तो ठेका. आबांनी मान वर केली. डावा पाय उचलला, उंबऱ्यापलीकडे टाकला, मग उजवा. सोपा ओलांडून, पायरी उतरून रस्त्यावर गेले, आणि मिरवणुकीबरोबर दहा-बारा पावलं माझा हात न धरता चालले. हलगी पुढे गेली, आवाज लांबला, आणि ते रस्त्याच्या मध्येच थांबले. मी त्यांना धरायला धावलो तेव्हा ते हसत होते. निदान झाल्यापासून इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

हा चमत्कार नव्हे. बाहेरून ताल मिळाला किंवा जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या तर अडलेली पावलं सुटतात, हे या आजाराचे जाणकार कधीपासून सांगत आले आहेत. आतून हुकूम सोडणारी वाट बिघडली तरी कानांनी, डोळ्यांनी चालणारी दुसरी वाट शाबूत असते, असं त्यामागचं स्पष्टीकरण मानलं जातं. त्या दिवसापासून मी मोबाइलवर हलगीचा ठेका भरून ठेवला आहे आणि उंबऱ्याआधी फरशीवर पांढऱ्या रंगाच्या तीन पट्ट्या ओढल्या आहेत. कधी उपयोग होतो, कधी होत नाही. का होत नाही, हेच तर मला हवं आहे. परदेशी प्रयोगांत साधारणपणे मेट्रोनोमची, म्हणजे एकसारखा ताल देणाऱ्या यंत्राची, टिकटिक वापरतात. आबांचे पाय टिकटिकीला फारसे हलत नाहीत, मी करून पाहिलं. ते हलगीला हलतात. ओळखीचा, लहानपणापासून अंगात भिनलेला ताल मेंदूत काही वेगळं करतो का? हा प्रश्न कोल्हापुरानेच विचारायला हवा. हलगी वाजवणारी पोरं इथे गल्लोगल्ली आहेत.

काम इथेच का व्हावं, याची कारणं आणखीही आहेत. चालता चालता बुद्धीचं काम देऊन मेंदूवरचा ताण मोजतात, तेव्हा सहसा शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. मराठीत ते त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं होतं. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. शब्दातच आणखी एक वजाबाकी. इंग्रजी बोलणाऱ्यांवर बेतलेले निकष आमच्या माणसांना जसेच्या तसे कसे लावणार? आबा चौथी शिकलेले. त्यांना सात-सात वजा करायला लावलं की ते घाबरतात. पण शाहूपुरीच्या बाजारात किती गूळ गेला, दर काय होता, अडत वजा जाता हाती काय आलं, हा हिशेब तोंडी विचारा. तो त्यांच्या मेंदूचा खरा व्यायाम आहे.

दुसरं, आमच्या पायवाटा. परदेशी प्रयोगशाळेतली गुळगुळीत मार्गिका आणि महाद्वार रोडची संध्याकाळ यांत फार अंतर आहे. इथे उंबरा आहे, शहाबादी फरशीच्या सांधी आहेत, देवळाच्या पायऱ्या आहेत, बसच्या दारातली उंच पायरी आहे आणि मागून "चला आजोबा, लवकर" म्हणणारा कंडक्टर आहे. घाई केली की आबांचे पाय हमखास अडतात. पायांत कोल्हापुरी असेल तर चाल वेगळी, अनवाणी असतील तर वेगळी. हे सगळं मोजण्यात यायला हवं.

तिसरं लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितो. कपाळावर पट्टी बांधायची म्हटलं की आमच्या आया-आज्यांच्या कपाळावर कुंकू असतं. "हे पुसा" असं एखाद्या तरुण तंत्रज्ञाने म्हटलं, तर सत्तरीची बाई तिथून उठून निघून जाईल आणि पुन्हा येणार नाही. आधी नीट सांगा, विचारा, पट्टी कुंकवाच्या वर किंवा बाजूला बसते का ते बघा. दाट केस, तेल, अंबाडा या सगळ्याचा ईईजीवर परिणाम होतो. याचा विचार पहिल्या दिवशीच केला नाही, तर अभ्यासात फक्त पुरुष उरतील आणि पुढची औषधं, पुढची उपकरणं त्यांच्याच मापाची बनतील.

डॉक्टरांना एक विनंती. अशा अभ्यासात गोळी न घेतलेल्या अवस्थेतली नोंद लागते, त्यासाठी साधारण बारा तास औषध बंद ठेवतात. कागदावर ती एक ओळ असते. घरात ती रात्र काय असते ते सांगतो. आबांना कुशीवर वळता येत नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा उठून मी किंवा आई त्यांना वळवतो. लघवीला जायचं म्हटलं तरी दोघं लागतात. पहाटे पाय आखडून इतके दुखतात की हा कधी तक्रार न करणारा माणूस कण्हतो. तरीही आबा तयार आहेत, मी विचारलं आहे. फक्त अशा माणसाचा नंबर सकाळी पहिला लावा. गडहिंग्लज किंवा आजऱ्याहून रुग्ण बोलावणार असाल तर आदल्या रात्री त्याची नि सोबतच्याची राहायची सोय करा. चालताना शेजारी धरायला प्रशिक्षित माणूस ठेवा. संमतीपत्र मराठीत असू द्या, आणि ते वाचून दाखवायला अर्धा तास द्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यायला सांगितलेलं आहे, मी नवीन काही मागत नाही.

आणि अभ्यास संपला की आम्हाला सांगा काय दिसलं. पेपर इंग्रजीत छापा, तुमची ती गरज आहे. पण एका रविवारी सगळ्या कुटुंबांना बोलवा आणि आलेख दाखवून समजावून सांगा. ज्याने रात्रभर औषधाविना काढली, त्याला आपल्या डोक्यात काय चाललं होतं ते बघण्याचा हक्क आहे.

हे फक्त कंपवातापुरतं नाही. आमच्या शेजारच्या काकींना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, म्हणजे मेंदूची डावी बाजू दुखावली. त्यांचा हात उचलला जात नाही, पण "उचला" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जोर दिसतो. तो प्रयत्न मेंदूत कुठे उमटतो, दुखावलेल्या भागाच्या कडेला की समोरच्या बाजूला, हे ईईजीत दिसू शकतं. त्यावरून कुठला व्यायाम द्यायचा हे ठरवता आलं, तर काकी रोज सकाळी जे तासभर कण्हत करतात, त्याला दिशा मिळेल.

सुरुवातीला मोठी इमारत नको. एक दहा मीटरची मार्गिका, तिच्यात एक दाराची चौकट आणि एक लाकडी उंबरा. एक हलकी ईईजी टोपी, एक एफनिर्सची पट्टी, पायाला बांधायचे त्वरणमापक. विद्यापीठाने भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्रातली माणसं द्यावीत, वैद्यकीय महाविद्यालयाने मेंदुविकार तज्ज्ञ आणि नीतिसमिती, अभियांत्रिकीने मुलं आणि हुशारी, फिजिओथेरपीने हात. चौघांनी एकदा एका टेबलाभोवती बसावं. पहिल्या बैठकीला रुग्णांच्या घरचे दोघं-तिघं असू द्या, आम्ही गप्प बसून ऐकू आणि विचारलं तेवढंच बोलू.

तोवर आमचं घर आहेच. उंबरा साडेचार इंच उंच आहे, मी मोजला आहे. सकाळच्या उजेडात माजघरापासून तो स्पष्ट दिसतो. आबांची पहिली गोळी साडेसातला असते. तुमच्यापैकी कुणी सात वाजता आलात, तर गोळीच्या आधीचं चालणं बघता येईल, आणि साडेआठपर्यंत थांबलात तर नंतरचंही. हलगी मोबाइलवर आहे. गल्लीतली पोरं खरी हलगी घेऊन यायला तयार आहेत, त्यांना फक्त आदल्या दिवशी सांगावं लागेल.

आपला नम्र,
एका गुळव्याचा मुलगा
शिवाजी पेठ, कोल्हापूर